लालात गेलेलं चालत नाही

बब्रुवान इंगळे हे नाव कानावर पडलं की डोळ्यांपुढे मिशीला पीळ देणारा, मांडीवर थाप मारणारा कोणीतरी उभा राहतो. आमचे इंगळे प्रत्यक्षात काडीपैलवान. शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली, खिशाला दोन पेनं, आणि आवाज मात्र जत्रेत हरवलेली पोरं पुकारणाऱ्याचा. ते मूळचे निलंग्याकडचे. थेरगावात डांगे चौकाच्या पलीकडे भाड्यानं राहायचे आणि चाकणच्या आमच्या कारखान्यात मोजमापाच्या हत्यारांच्या खोलीत बसायचे. त्या खोलीला एसी होता. हत्यारांसाठी होता, इंगळ्यांसाठी नव्हता, हे ते येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःहून सांगायचे.

कारखान्यात व्हर्निअर, मायक्रोमीटर, भोकात घालून बघायचे गेज अशी नाना हत्यारं असतात. वापरून वापरून ती झिजतात आणि खोटं बोलायला लागतात. म्हणून ठरावीक मुदतीनं प्रत्येकाची तपासणी करावी लागते. कुठल्या हत्याराची तपासणी कधी, याची एक एक्सेलची फाइल होती. ती माझ्या आधीच्या क्वालिटी इंजिनिअरनं बनवली होती आणि बनवून तो बंगळूरला पळाला होता. फाइलीत त्यानं एक सोय करून ठेवलेली. तपासणीची तारीख उलटून गेली की तो चौकोन आपोआप लाल व्हायचा, महिन्याभरात येणार असेल तर पिवळा, लांब असेल तर हिरवा. रोज सकाळी फाइल उघडायची, आजची तारीख तिची तिला कळायची आणि रंग आपले आपण बदलायचे.

हा रंगांचा नियम लावणं, कॉम्प्युटरमधलं इंगळ्यांना एवढंच येत होतं. एवढंच म्हणजे एवढंच. एकदा रकाना अरुंद झाला आणि तारखेच्या जागी नुसत्या आडव्या-उभ्या रेघा उमटल्या, तर हे धावत माझ्याकडे. "मॅडम, चला लवकर. तारखंला कुंपण पडलंय!" मी रकाना ओढून रुंद केला, तारीख दिसली. इंगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी आत अडकलेलं वासरूच सोडवलं. पण रंगांचा नियम लावायचा म्हटलं की हा माणूस एका बोटानं, जीभ दातांत धरून, बघता बघता पानंच्या पानं रंगवून मोकळा व्हायचा. त्याला ते 'कंडिशन घालणं' म्हणायचे. "एकदा कंडिशन घातली की आपण खोटं बोलायचं म्हणलं तरी फाइल बोलू देत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य होतं.

माणसं, वस्तू, नाती, सगळ्यांची विचारपूस ते रंगांत करायचे. कोणी आजारी पडलं तर "तब्येत पिवळ्यात हाय का लालात?" माझं लग्न ठरत नव्हतं तेव्हा आईच्या बरोबरीनं काळजी त्यांनाच. "मॅडम, अजून हिरव्यात हाव तुमी, पण रकाना बघत ऱ्हावा." मी चिडले तर म्हणाले, "मी कुठं काय बोलायलोय? तारीख बोलायलीय."

त्यांचं हाडवैर होतं मुंगसे तात्यांशी. तात्या मशीन शॉपचे फोरमन, कुरुळीचे जुने शेतकरी. जमीन रस्त्यात आणि प्लॉटिंगमध्ये गेली. गाठीला बक्कळ असूनही माणूस पहिल्या पाळीला हजर, कारण घरी बसलं की सून टीव्ही लावते. हत्यार तपासणीला गेलं की आठवडाभर परत येत नाही आणि तोवर लाईन अडते, म्हणून तारीख जवळ आली की तात्यांची माणसं हत्यारं दडवायची. कपाटामागं, हेल्मेटात, एकदा तर देव्हाऱ्यात गणपतीच्या पाठीशी. इंगळे ती हुडकून काढायचे.

एकदा एक मायक्रोमीटर काही केल्या सापडेना. इंगळे जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनला गेले आणि तात्यांच्या समोर बसले. तात्या भाकरी मोडत होते. डब्याचे तीन पुडे उघडे, चौथा बंद.

"त्यात काय हाय, तात्या?"

"ठेचा."

"द्या की थोडा."

"लई तिखट हाय. तुला न्हाई सोसायचा."

"लातूरच्या माणसाला ठेचा सोसायचा नाही?" म्हणत इंगळ्यांनी पुडा ओढला, उघडला. आत फडक्यात गुंडाळलेला मायक्रोमीटर. सगळं कॅन्टीन फिदीफिदी हसायला लागलं. तात्यांनी घास खाली ठेवला.

"आरं इंगळ्या, लेका, काल बघितला तवा बरोबर दावीत व्हता की! एका दिसात काय येड लागतंय का त्याला?"

"तात्या, लालात गेलेलं चालत नाही."

"आन तू सवता कशात हायेस रं?"

हा घाव वर्मी बसायचा. कारण इंगळे कंत्राटी होते. ठेकेदाराच्या नावावर कामाला, ठरावीक महिन्यांनी ब्रेक, म्हणजे थोडे दिवस घरी बसायचं आणि नव्यानं कामाला लागल्यासारखं परत यायचं. असं वर्षानुवर्षं चाललेलं. पर्मनंट व्हायचं, एवढी एकच इच्छा त्या माणसाला होती. आणि कारखान्याचा नियम असा, की चाळिशी उलटलेल्याला पर्मनंट करायचं नाही. इंगळ्यांना चाळीस पुरी व्हायला काही महिने उरले होते. म्हणजे तात्यांच्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर होतं आणि ते अवघड होतं. मायक्रोमीटर खिशात घालून ते म्हणाले, "पिवळ्यात," आणि उठून गेले. तात्यांना नंतर ठेचा नसलेली भाकरी गोड लागली नाही.

थेरगावच्या त्यांच्या घरी मी एकदा जेवायला गेले होते. दोन खोल्या, आरशासारख्या लख्ख. शारदावहिनींनी तेल सोडलेली शेंगदाण्याची चटणी आणि कण्या केल्या होत्या. घरात एक जुना लॅपटॉप होता आणि त्यात इंगळ्यांनी अख्खा संसार भरला होता. गॅस कधी लावला, पाण्याची टाकी कधी धुतली, लोणचं कधी घातलं, पोराचे दात कधी दाखवले. वहिनी म्हणाल्या, "मॅडम, ह्यांना सांगा हो काहीतरी. परवा डबा उघडून मला म्हणतेत, हळद पिवळ्यात गेली! हळद आनखी कशात जाणार हो?"

पण खरा भडका वेगळाच होता. इंगळ्यांनी पाहुण्यांचीही फाइल केली होती. कोण शेवटचं कधी येऊन गेलं, कोणाकडे आपण कधी गेलो. फार दिवस जाणं-येणं नसेल तर नातं लाल. कल्पना चांगली होती. पण वहिनींनी ती एकदा उघडी बघितली आणि त्यांना दिसलं, की त्यांचा सख्खा भाऊ लालेलाल, आणि वर्ष होऊन गेलं तरी न फिरकलेली नणंद हिरवीगार.

"माझ्या भावाला सहा महिन्याची मुदत आणि तुमच्या बहिणीला दोन वर्षांची? ही कसली कंडिशन?"

"अगं, ती लांब असते. सोलापूरला."

"आणि माझा भाऊ उदगीरला ऱ्हातो, ते काय हितं शेजारी पिंपळे गुरवला हाय का?"

इंगळ्यांनी लॅपटॉप पुढं ओढला. त्यांनी एका बोटानं दोन्हीकडे सारखी मुदत घातली. नणंद क्षणात लाल झाली. वहिनींनी मला आणखी एक चमचा चटणी वाढली आणि म्हणाल्या, "आता जेवा निवांत."

आता ऑडिटची गोष्ट. एका मोठ्या गिऱ्हाइकाचा माणूस कारखाना तपासायला येणार होता. तो खूश झाला तर नवं काम मिळणार होतं आणि नव्या कामासाठी थोडी माणसं पर्मनंट होणार होती. मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या प्लॅन्टच्या प्रमुखांनी, इंगळ्यांना खोलीत बोलावून सांगितलं, "ऑडिट नीट होऊ दे, तुझं नाव मी स्वतः घालतो." इंगळे बाहेर आले ते गुंडी चाचपत. वरची गुंडी लावलेलीच होती, तरी त्यांनी ती पुन्हा लावली.

ऑडिटच्या आदल्या दिवशी साहेबांनी फाइल उघडली. बहुतेक हिरवं, थोडं पिवळं आणि मधे मधे पाच-सात लाल. ती हत्यारं तपासणीला जायची होती, पण बाहेरच्या प्रयोगशाळेनं तारीख पुढं ढकलली होती.

"हे लाल कशाला दाखवायचं? हिरवं करून टाक."

"होत नाही साहेब."

"होत नाही म्हणजे? सरक." साहेबांनी माऊस हातात घेतला, लाल चौकोन निवडला, वरच्या रंगाच्या बादलीतून हिरवा ओतला. चौकोन लालच. पुन्हा ओतला. लालच. साहेब खुर्ची पुढे ओढून बसले. फिका हिरवा, गर्द हिरवा, पोपटी, सगळे हिरवे संपले. चौकोन ढिम्म. हातानं भरलेल्या रंगावर नियमाचा रंग चढतो, हे त्या फाइलीचं साधं तत्त्व. पण साहेबांना वाटलं कॉम्प्युटर बिघडला. त्यांनी तो बंद करून चालू केला. लाल.

इंगळे मागे हात बांधून उभे. चेहऱ्यावर दिलगिरी, पण डोळ्यांत पोराचं बक्षीस बघायला आलेल्या बापाचा आनंद.

"अरे मग ती कंडिशन काढ ना!"

"काढतो की. पण साहेब, कंडिशन काढली तर रंग जाईल, तारीख ऱ्हाईल. ती तुमच्या-माझ्याकडं बघतच ऱ्हाईल."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.  शेवटी साहेब पुटपुटले, "मरू दे. उद्या तूच बोल त्याच्याशी."

दुसऱ्या दिवशी ऑडिटर आला. गोल गरगरीत, घामाघूम माणूस. इंगळ्यांनी आधी त्याला एसी कोणासाठी आहे ते सांगितलं. मग फाइल दाखवली, लाल ओळी दाखवल्या, आणि ती हत्यारं ज्या कपाटात कुलपात ठेवली होती त्याची दारं उघडून दाखवली. त्यातलं एकही लाईनवर नव्हतं. ऑडिटरनं कागदावर एक शेरा लिहिला, प्रयोगशाळेकडून वेळेवर काम करून घ्यावं म्हणून, आणि खुर्चीत मागे रेलला. "जिथं जातो तिथं सगळं हिरवं असतं," तो म्हणाला, "मग लाल शोधता शोधता माझं जेवण बुडतं. आज वेळेवर जेवणार." जेवला. वर दोनदा गुलाबजाम घेतले. काम मिळालं.

आणि साहेब शब्दाला जागले. बुधवारी दुपारी एचआरच्या जोशींनी इंगळ्यांना बोलावलं. पत्र टाइप होऊन तयार, खाली साहेबांची सही. फक्त इंगळ्यांची सही राहिली होती. इंगळ्यांनी मला साक्षीला नेलं होतं. काचेबाहेर मुंगसे तात्या काही काम नसताना दोनदा येऊन गेले होते.

इंगळ्यांनी पेन काढलं. मग सवयीनं, केवळ सवयीनं, पत्राला जोडलेले कागद उलटून बघायला लागले. ती ठेकेदाराकडची त्यांची फाइल होती, आजवर त्यांना कधी बघायलाच मिळाली नव्हती. शाळेचा दाखला, आधार, आणि शेवटी मेडिकल फिटनेसचं सर्टिफिकेट. तिथं ते थांबले. चेहऱ्याचा रंग उतरत गेलेला मी बघितला.

"जोशी साहेब, हे संपलंय."

"काय?"

"फिटनेस. चार दिस झाले. लालात हाय."

"अहो इंगळे, सही करा. कोण बघतंय?"

"मी बघतोय की."

जोशी हसले. मीही आधी हसले. मग मला कळलं की हा माणूस गंमत करत नाही. "इंगळे," मी दबक्या आवाजात म्हणाले, "वेड्यासारखं करू नका. सही करा, सर्टिफिकेट उद्या आणून देऊ."

"मॅडम, तात्यांचा मायक्रोमीटर मी ठेच्याच्या डब्यातून काढला. चांगला चालत व्हता तो. आता मी कोणत्या तोंडानं आत शिरू?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक निघाला. "दोन दिस द्या. नवं करून आणतो. पत्र कुठं पळून चाललंय?"

गुरुवारी एमआयडीसीला आठवड्याची सुट्टी, तिथला दवाखानाही बंद. शुक्रवारी इंगळ्यांनी रक्त दिलं, छाती दाखवली, डोळ्यांपुढची अक्षरं वाचली. शनिवारी सकाळी सर्टिफिकेट घेऊन ते एचआरच्या दारात उभे होते आणि जोशी मान खाली घालून बसले होते. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईच्या ऑफिसचा मेल आला होता. बाजार मंदावला आहे, पर्मनंट भरती थांबवा, ज्यांच्या सह्या झालेल्या नाहीत ती पत्रं रद्द समजा. पत्र पळून गेलं होतं.

मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. तात्यांनी मात्र तिथं जाऊन सगळ्यांदेखत तोफ डागली. "आरं येड्या! आमी इथं खोटी मापं खरी करून लोकांच्या गाड्या चालीवल्या, आन तुला सवताचं एक खरं काम खोट्यानं करता येईना व्हय? बायकापोरांचं काय करशील रं?" ओरडता ओरडता त्यांचा घसा बसला. इंगळ्यांनी त्यांना पाणी दिलं. तात्या ते प्यायले आणि पेला आपटून निघून गेले.

वहिनींना फोन करायचं धैर्य मला आठवड्यानं झालं. त्या रडतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, "मॅडम, दोन दिस बोलले नाही मी. पण करू काय? लग्नाआधी बघायला आले तवाच म्हणले होते, माझी नोकरी पक्की नाही, लपवायचं नाही म्हणून सांगायलोय. त्याच बोलण्यावर भाळले हो मी. आता त्याच बोलण्यापायी शिव्या कशा घालू?" आणि वर, "घातल्या तरी. भरपूर घातल्या."

भरती उघडलीच नाही. इंगळ्यांची चाळिशी आली आणि गेली. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला, कोणी विचारलं नाही कशाबद्दल. मग ठेकेदार बदलला, नव्याला माणसं कमी हवी होती, आणि इंगळ्यांना जो ब्रेक मिळाला त्याला परतीची तारीख नव्हती.

शेवटच्या दिवशी त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.  मी म्हणाले, "इंगळे, फार वाईट वाटतंय मला." ते म्हणाले, "वाटू द्या की. माणूस हाव तुमी." आणि एसी बंद करू नका म्हणून बजावून गेले.

आमच्या कंपनीच्या बसमध्ये पुढच्या रांगा पर्मनंटच्या. कुठं लिहिलेलं नाही, पण पाळतात सगळे. कंत्राटी माणसानं मागं बसायचं, जागा नसेल तर उभं राहायचं. मी गेटशेजारच्या पार्किंगमध्ये हेल्मेट घालत होते, बस गेटपाशी झडतीसाठी थांबली होती, दार उघडं होतं. इंगळे पायरी चढून मागं निघाले, तर पहिल्या सीटवरून मुंगसे तात्या उठले आणि त्यांचा दंड धरला.

"बस हितं."

"तात्या, तुमची जागा हाय ती."

"कुणाची हाय ते ठावं हाय मला. बस म्हणलं ना!"

इंगळे बसले. पिशवी मांडीवर, पाठ सीटला न टेकवता. तात्या दांडीला धरून उभे. बस हलली. मी स्कूटरवर मागोमाग निघाले. नाशिक रस्त्याला नेहमीसारखी वाहनं तुंबलेली, त्यामुळे बसच्या मागून हलताच येईना. कडेनं जरा पुढं सरकले तेव्हा खिडकीतून दिसलं, इंगळे बोट नाचवत काहीतरी समजावून सांगतायत आणि तात्या, ज्यांनी आयुष्यात त्यांचं एक वाक्य पुरं ऐकून घेतलं नव्हतं, ते मान डोलावतायत.

कुरुळीच्या फाट्यावर तात्या उतरले. त्यांच्याबरोबर गावची आणखी बरीच माणसं उतरली, बस जवळजवळ रिकामी झाली. तात्या रस्त्याच्या कडेला उभे राहून बसकडे बघत होते. बस पुढं निघाली आणि मला मागच्या काचेतून इंगळे येताना दिसले. सीटांना धरत धरत, झोकांड्या सावरत ते पार मागं आले, आणि शेवटच्या बाकावर आपल्या जागी बसले. पुढच्या सगळ्या जागा मोकळ्या होत्या.